काट्यावर पावती आहे, हिशेबात नोंद नाही: मेसेज ब्रोकरमध्ये हरवलेला संदेश कसा शोधावा

वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटच्या बाजूला असलेल्या एका जिनिंगच्या संगणकांचे काम मी पाहतो. दिवाळीनंतर कापसाची आवक वाढली की दोन्ही काट्यांवर सकाळपासून गाड्या उभ्या राहतात. भरलेली गाडी काट्यावर चढते, कापूस खाली करून रिकामी गाडी पुन्हा काट्यावर येते, दोन वजनांतला फरक निघाला की पावती छापली जाते आणि त्याच क्षणी त्या पावतीचा संदेश कार्यालयातील रॅबिटएमक्यू या ब्रोकरकडे, म्हणजे एका प्रोग्रामचा संदेश घेऊन दुसऱ्यांना पोचवणाऱ्या मध्यस्थ प्रोग्रामकडे, जातो. तेथे त्याच्या तीन प्रती तीन वेगळ्या क्यूंमध्ये, म्हणजे संदेशांच्या रांगांमध्ये, पडतात. एक चुकाऱ्याचा हिशेब करणारा प्रोग्राम उचलतो, दुसरी शेतकऱ्याला एसएमएस पाठवणारा आणि तिसरी साठ्याची नोंद ठेवणारा.

एका हंगामात, संध्याकाळी काटा बंद होण्याच्या वेळी, एक शेतकरी पावती हातात धरून खिडकीशी आले आणि म्हणाले, "भाऊ, गाडी खाली झाली, पावती बी हाये, मग मॅसेज काहून नाही आला?" मी काट्यावरची वही आणि हिशेबाची यादी शेजारी शेजारी ठेवली. वहीत १४६ पावत्या होत्या, हिशेबात १३९ नोंदी. सात गाड्यांचा कापूस जिनिंगमध्ये उतरला होता, परंतु चुकाऱ्याच्या यादीत त्यांचे नाव नव्हते. ज्या घराचा हंगामाचा पहिला पैसा त्या एका गाडीवर अवलंबून असतो, त्या घराच्या दृष्टीने ही बाब संगणकाच्या किरकोळ बिघाडाची नसते. म्हणून हरवलेला संदेश कोणत्या क्रमाने शोधावा, हे मी येथे सविस्तर मांडत आहे.

संदेश हवेत विरत नाही. तो एका हातातून दुसऱ्या हातात जातो आणि ज्या ठिकाणी देणाऱ्याने पोच न घेता वस्तू सोडून दिली, त्याच ठिकाणी तो हरवतो. पाठवणाऱ्या प्रोग्रामकडून ब्रोकरच्या एक्स्चेंजकडे (संदेश कोणत्या क्यूत टाकायचा हे ठरवणारा भाग), एक्स्चेंजकडून क्यूकडे, क्यूच्या मुक्कामात आणि शेवटी क्यूकडून घेणाऱ्या प्रोग्रामकडे, अशा चार जागा आहेत. शोध म्हणजे या चारही जागी "पोच कोणी दिली आणि ती कोणी तपासली" हे विचारत जाणे.

हात लावण्यापूर्वी

पहिली चूक बहुतेक जण घाईत करतात, ती म्हणजे ब्रोकर रीस्टार्ट करणे. रीस्टार्ट केल्याने जे संदेश केवळ मेमरीत आहेत ते जातात आणि त्याबरोबर उघड्या कनेक्शनची सध्याची स्थिती दाखवणारी माहितीही जाते, जी शोधासाठी सर्वांत मोलाची असते. दुसरी चूक अधिक घातक आहे. रॅबिटएमक्यूच्या व्यवस्थापन पानावर, जे सामान्यतः १५६७२ या पोर्टवर उघडते, प्रत्येक क्यूखाली "गेट मेसेजेस" नावाचे बटण असते. ते बटण केवळ डोकावून पाहण्यासाठी आहे असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ते संदेश क्यूमधून खरोखर बाहेर काढते, आणि शेजारच्या खोक्यात "ऑटोमॅटिक ॲक", म्हणजे आपोआप पोच, निवडलेले असेल तर पाहिलेला संदेश तेथेच संपतो. पाहायचेच असेल तर संदेश परत क्यूमध्ये ठेवणारा पर्याय, म्हणजे "नॅक, रीक्यू ट्रू", निवडावा. संपूर्ण क्यू रिकामी करणारे "पर्ज" हे बटण त्या पानावर फार दूर नसते, हेही ध्यानात ठेवावे.

त्याऐवजी प्रथम कागद घ्यावा. प्रत्येक क्यूचे नाव, तिच्यातील तयार संदेशांची संख्या, पोच न आलेल्या संदेशांची संख्या आणि तिला जोडलेल्या घेणाऱ्या प्रोग्रामांची संख्या लिहून काढावी. रॅबिटएमक्यूसीटीएल या आज्ञेला "लिस्ट क्यूज" जोडून हे आकडे मिळतात. त्यासोबत बाइंडिंगची (एक्स्चेंज आणि क्यू जोडणारे नियम), पॉलिसीची (अनेक क्यूंना एकदम लागू होणारी सेटिंग) आणि कन्झ्युमरची (घेणारे प्रोग्राम) यादीही काढून फाइलमध्ये जपून ठेवावी. ब्रोकरची लॉग फाइल दुसरीकडे उतरवून घ्यावी. हे सर्व पाच मिनिटांचे काम आहे.

हरवलेल्या क्रमांकांचा आकार

माझ्या मते संपूर्ण शोधात सर्वाधिक उपयोगी पडणारी गोष्ट ब्रोकरमध्ये नसून पावतीपुस्तकात असते. हरवलेल्या संदेशांना क्रमांक असले तर ते क्रमांक एका ओळीत लिहून त्यांचा आकार पाहावा. त्या संध्याकाळी माझ्यासमोर हे सात क्रमांक होते: ६१, ६२, ६३, ६४, ११८, १२०, १२२.

पहिले चार सलग आहेत. नंतरचे तीन एकाआड एक आहेत. म्हणजे ही एक चोरी नसून दोन आहेत, हे ब्रोकर न उघडताच कळले. सलग क्रमांक गेले असतील तर एखादा कालखंड शोधावा, ज्यात कनेक्शन, वीज किंवा प्रोग्राम बंद होता. एकाआड एक गेले असतील तर त्याच क्यूवर दुसरा कोणीतरी बसला आहे असा संशय घ्यावा. एकाच काट्याचे सर्व क्रमांक गेले असतील तर त्या काट्याची राउटिंग की, म्हणजे संदेशावरचा पत्ता, पाहावी. दिवसाच्या सुरुवातीचे गेले आणि नंतरचे राहिले असतील तर क्यूच्या लांबीची मर्यादा पाहावी. कोणताही आकार नसेल आणि तुरळक, दूरदूरचे क्रमांक गेले असतील तर त्या संदेशांच्या मजकुरातच काहीतरी खोट असण्याची शक्यता अधिक.

दुसरा प्रश्न असा की तीनपैकी किती क्यूंमधून संदेश गेला. ६१ ते ६४ या पावत्यांचा एसएमएस गेला नव्हता, हिशेबही झाला नव्हता आणि साठ्यातही नोंद नव्हती. याचा अर्थ तो संदेश ब्रोकरपर्यंत पोचलाच नाही, किंवा एक्स्चेंजवर सांडला. ११८, १२० आणि १२२ यांचे एसएमएस मात्र वेळेवर गेले होते आणि केवळ हिशेब राहिला होता. त्यामुळे दोष हिशेबाच्या क्यूत किंवा तिच्या पुढे आहे, हे निश्चित झाले. या दोन प्रश्नांनी शोधाचे क्षेत्र इतके आक्रसते की उरलेले काम पुष्कळ सोपे होते.

पाठवणाऱ्याकडून ब्रोकरकडे

६१ ते ६४ ची गोष्ट सांगतो, कारण ग्रामीण भागात संदेश हरवण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे असे मला वाटते. त्या दुपारी लाईन गेली होती. काट्याच्या संगणकाला स्वतःचा छोटा इन्व्हर्टर होता, म्हणून वजने चालू राहिली. कार्यालयातील ब्रोकरच्या संगणकाची बॅटरी मात्र जुनी असल्याने तो अकरा मिनिटे बंद होता. या अकरा मिनिटांत चार गाड्यांच्या पावत्या छापल्या गेल्या आणि काट्याच्या प्रोग्रामच्या लॉगमध्ये चारही वेळा "पाठवले" असे लिहिले गेले.

हे कसे झाले ते नीट समजून घ्यावे. प्रोग्राम संदेश पाठवतो तेव्हा तो थेट ब्रोकरच्या हातात पडत नाही. तो आधी आपल्याच ऑपरेटिंग सिस्टीमच्या बफरमध्ये जातो आणि सिस्टीमने तो स्वीकारला की प्रोग्रामला वाटते की काम झाले. समोरच्या संगणकाची वीज अचानक गेली तर निरोप देण्यासही तो उरत नाही, त्यामुळे अलीकडच्या बाजूला कनेक्शन जिवंत असल्यासारखेच दिसते. लिनक्स अशा स्थितीत तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहते आणि मूळ सेटिंगवर हार मानायला त्याला साधारण १५ मिनिटे लागतात. ब्रोकर अकराव्या मिनिटाला परत उभा राहिला तेव्हा त्याला हे जुने कनेक्शन ओळखीचे नव्हते. त्याने ते तोडले, काट्याच्या प्रोग्रामने नवे कनेक्शन जोडले आणि बफरमधील चारही संदेश टाकून दिले गेले. कोठेही चूक झाल्याची सूचना उमटली नाही.

याला आळा घालण्यासाठी हार्टबीट असतो. दोन्ही बाजू ठरावीक अंतराने एकमेकांना जिवंत असल्याची खूण देतात आणि ती न आल्यास कनेक्शन मेले असे मानतात. रॅबिटएमक्यूची मूळ मुदत ६० सेकंदांची आहे. आमच्या काट्याच्या प्रोग्राममध्ये तो शून्य, म्हणजे बंद, ठेवलेला होता. तो बंद करणाऱ्याचेही काही कारण होते. तो प्रोग्राम पायथॉनच्या पिका या लायब्ररीवर चालतो आणि तिच्या ब्लॉकिंग कनेक्शनमध्ये दोन गाड्यांच्या मधल्या वेळात प्रोग्राम नुसता बसून राहिला तर हार्टबीटचे उत्तरही दिले जात नाही, आणि ब्रोकर कनेक्शन तोडतो. त्या तुटण्याला कंटाळून अनेक जण हार्टबीटच बंद करतात. त्यापेक्षा रिकाम्या वेळात लायब्ररीला तिचे काम करू द्यावे, किंवा दर पावतीला नवे कनेक्शन उघडून बंद करावे. सेकंदाला शेकडो संदेश असलेल्या ठिकाणी हा दुसरा उपाय महागात पडेल, परंतु तीन मिनिटांना एक गाडी येणाऱ्या काट्यावर तो अगदी योग्य आहे.

हार्टबीटने कनेक्शन मेल्याचे लवकर कळते, पण मधल्या काळात सोडलेला संदेश परत मिळत नाही. त्यासाठी पब्लिशर कन्फर्म ही सोय वापरावी लागते. चॅनेल (कनेक्शनच्या आतला संदेशांचा मार्ग) कन्फर्म अवस्थेत टाकले की ब्रोकर प्रत्येक संदेशाची पोच देतो. टिकाऊ क्लासिक (साध्या) क्यूत गेलेला पर्सिस्टंट, म्हणजे डिस्कवर जपायचा, संदेश डिस्कवर उतरल्यानंतरच ही पोच येते आणि कोरम क्यू, म्हणजे अनेक नोड्सवर (ब्रोकरच्या संगणकांवर) प्रती ठेवणारी क्यू, असेल तर बहुसंख्य नोड्सनी तो स्वीकारल्यानंतर येते. पोच आली नाही तर संदेश गेला नाही असेच मानावे.

मात्र पोच आली नाही तर पुन्हा पाठवायला संदेश कोठेतरी असायला हवा. म्हणून पावती छापण्याआधी तिची नोंद काट्याच्याच संगणकावर एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या एका साध्या तक्त्यात करावी. त्यात पावती क्रमांक, मजकूर आणि "पोच आल्याची वेळ" असे रकाने असावेत. एक वेगळा लहान प्रोग्राम, ज्या नोंदींची पोच आलेली नाही त्या क्रमाने पाठवत राहील आणि कन्फर्म आल्यावरच वेळ भरेल. लाईन अकरा मिनिटे गेली काय किंवा रात्रभर गेली काय, नोंदी तेथेच थांबतात. आमच्याकडे एवढ्या एका तक्त्याने जितका दिलासा दिला तितका ब्रोकरच्या कोणत्याही सेटिंगने दिला नाही.

एक्स्चेंजवर सांडलेले संदेश

कन्फर्म सुरू केल्यावर लोक निर्धास्त होतात, आणि येथेच एक खाच आहे. संदेश थेट क्यूमध्ये जात नाही. तो एक्स्चेंजकडे जातो आणि एक्स्चेंज आपल्या बाइंडिंगशी राउटिंग की जुळवून तो योग्य त्या क्यूंमध्ये टाकतो. कोणतीच क्यू जुळली नाही तर एक्स्चेंज तो संदेश मुकाट्याने टाकून देतो आणि तरीही पाठवणाऱ्याला होकारार्थी पोचच देतो, कारण त्याच्या दृष्टीने त्या संदेशाचे सर्व सोपस्कार पूर्ण झालेले असतात.

दुसरा काटा नव्याने बसवला तेव्हा आम्ही हे अनुभवले. टॉपिक एक्स्चेंजवर बाइंडिंग "काटा.*" असे होते आणि पहिल्या काट्याची की "काटा.एक" अशी होती. नवा काटा बसवणाऱ्याने अधिक स्पष्टता म्हणून "काटा.दोन.कापूस" अशी की दिली. टॉपिक एक्स्चेंजमध्ये तारांकन हे बरोबर एकाच शब्दाची जागा घेते आणि "#" हे चिन्ह शून्य किंवा कितीही शब्दांची. त्यामुळे तीन शब्दांची की कोणाशीच जुळली नाही. की पडताळताना तिच्या शेवटी नकळत राहिलेली मोकळी जागाही पाहावी. डोळ्यांना ती दिसत नाही, परंतु ब्रोकरला ती वेगळी की वाटते.

असे संदेश सापडावेत म्हणून दोन उपाय आहेत. पाठवताना "मँडेटरी" हा ध्वज लावला तर न जुळलेला संदेश पोचेच्या आधी पाठवणाऱ्याकडे परत येतो. मात्र परत आलेला संदेश हाताळणारा कोड प्रोग्राममध्ये असला पाहिजे, अन्यथा तो परत येऊनही वाऱ्यावर जातो. पिकामध्ये कन्फर्म आणि मँडेटरी दोन्ही लावले असता अशा वेळी सरळ एक्सेप्शन येते, ही सोय चांगली आहे. दुसरा उपाय म्हणजे एक्स्चेंजला पर्यायी एक्स्चेंज जोडून न जुळलेले सर्व संदेश एका "बेवारस" क्यूत गोळा करणे. मी दोन्ही वापरतो. पाठवणारे प्रोग्राम अनेक असतील आणि ते दुसऱ्यांनी लिहिलेले असतील तर दुसरा उपाय अधिक भरवशाचा ठरतो. व्यवस्थापन पानावर संदेशांचा वेग दाखवणाऱ्या आलेखात "अनराउटेबल" अशी रेषा असते. ती शून्याच्या वर गेली की कोठेतरी संदेश सांडत आहेत.

व्हर्च्युअल होस्ट (व्हीहोस्ट), म्हणजे एकाच ब्रोकरमधील स्वतंत्र कप्पा, चुकणे हा यातलाच एक प्रकार आहे. पाठवणारा एका व्हीहोस्टवर आणि घेणारा दुसऱ्यावर असला, तर दोन्हीकडे क्यूचे नाव तेच दिसते आणि माणूस तासभर हैराण होतो.

क्यूच्या मुक्कामात

ब्रोकर बंद होऊन सुरू झाल्यावर संदेश टिकावा आणि पुढचेही योग्य जागी जावेत यासाठी तीन गोष्टी टिकाऊ असाव्या लागतात: एक्स्चेंज, क्यू आणि स्वतः संदेश. क्यू टिकाऊ आहे म्हणून संदेशही टिकेल, हा समज चुकीचा आहे. क्लासिक क्यूमध्ये संदेशाचा डिलिव्हरी मोड २, म्हणजे पर्सिस्टंट, नसेल तर रीस्टार्टनंतर क्यू उभी राहते, पण रिकामी. कोरम क्यूमध्ये प्रत्येक संदेश डिस्कवरच जातो, त्यामुळे ही चूक तेथे घडत नाही. ज्यांनी जुन्या लेखांवरून प्रतिबिंबित (मिरर्ड) क्लासिक क्यू, म्हणजे इतर नोड्सवर प्रती ठेवणाऱ्या क्लासिक क्यू, उभारल्या आहेत त्यांनी हेही पाहावे की २०२४ मध्ये आलेल्या ४.० आवृत्तीतून ती सोय काढून टाकण्यात आली आहे आणि तिची जागा ३.८ पासून आलेल्या कोरम क्यूने घेतली आहे.

मुदतीच्या सेटिंगकडे विशेष लक्ष द्यावे. एका ठिकाणी संदेश एक दिवस टिकावा म्हणून क्यूची मुदत ८६४०० अशी लिहिलेली मला आढळली. एका दिवसात ८६४०० सेकंद असतात हे खरे, परंतु रॅबिटएमक्यू हा आकडा मिलिसेकंदांत वाचतो. म्हणजे संदेशाला एक दिवस नव्हे, तर जेमतेम दीड मिनिट मिळत होते. घेणारा प्रोग्राम चालू असेपर्यंत काहीच बिघडत नसे, कारण संदेश लगेच उचलला जाई. कोणी तो प्रोग्राम अद्ययावत करण्यासाठी पाच मिनिटे थांबवला की तेवढ्यातले संदेश मुदत संपून नाहीसे होत.

लांबीची मर्यादा घातलेली असेल तर क्यू भरल्यावर मूळ वागणूक "ड्रॉप हेड" अशी असते, म्हणजे सर्वांत जुना संदेश बाहेर फेकला जातो. काट्यावर जो शेतकरी पहाटे आला त्याचीच नोंद आधी जाते, हे मला अन्यायाचे वाटते. मर्यादा हवीच असेल तर "रिजेक्ट पब्लिश" ही वागणूक निवडावी, म्हणजे नवा संदेश नाकारला जातो, कन्फर्म असल्यास पाठवणाऱ्याला तसे कळते आणि तो नंतर पुन्हा प्रयत्न करू शकतो. ही सेटिंग क्यूच्या व्याख्येत दिसली नाही म्हणून ती नाहीच असे समजू नये, कारण ती पॉलिसीमधूनही लागू होते. पॉलिसीचा नमुना जर सर्वच क्यूंना जुळणारा असेल तर एका क्यूसाठी घातलेली मर्यादा सर्वांच्या मानेवर बसते.

संगणकाचे नाव बदलण्याविषयी एक इशारा द्यायला हवा. रॅबिटएमक्यू आपला डेटा नोडच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतो आणि नोडच्या नावात संगणकाचे होस्टनेम असते. कोणी होस्टनेम बदलले, किंवा डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारी सोय) निश्चित होस्टनेम न देता कंटेनर पुन्हा उभारला, तर ब्रोकर नव्या नावाने कोराच उठतो. जुने संदेश डिस्कवर जुन्या फोल्डरमध्ये असतात, पण ते कोणी वाचत नाही. अशा वेळी घाबरून काही पुसू नये. जुने नाव परत दिले तर बहुधा सर्व काही जागच्या जागी सापडते.

क्यूकडून घेणाऱ्या प्रोग्रामकडे

आता ११८, १२० आणि १२२. हिशेबाच्या क्यूची कन्झ्युमर यादी काढली तेव्हा तेथे एकाऐवजी दोन नोंदी होत्या. दुसरी नोंद चाचणीसाठी वापरलेल्या एका लॅपटॉपची होती. आदल्या दिवशी नवा अहवाल तपासण्यासाठी तो जोडला गेला होता आणि दुपारी कोणीतरी तो उघडताच त्यातील प्रोग्राम आपोआप सुरू झाला होता. एका क्यूवर दोन कन्झ्युमर असले की ब्रोकर संदेश आळीपाळीने वाटतो, एक इकडे आणि एक तिकडे. लॅपटॉपने आपल्या वाट्याचे तीन संदेश घेतले, पोच दिली आणि चाचणीच्या डेटाबेसमध्ये त्यांची नोंद केली. ब्रोकरच्या दृष्टीने त्यात काहीच गैर नव्हते. चाचणीसाठी स्वतंत्र व्हीहोस्ट आणि स्वतंत्र पासवर्ड ठेवणे हाच यावर उपाय आहे, आणि तो आम्ही दुसऱ्याच दिवशी केला. प्रत्येक क्यूवर किती कन्झ्युमर असायला हवेत हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा, कारण जास्तीचा कन्झ्युमर कमी असलेल्या कन्झ्युमरपेक्षा अधिक नुकसान करतो आणि उशिरा लक्षात येतो.

पोच केव्हा दिली जाते, हा या टप्प्यावरचा मुख्य प्रश्न आहे. ऑटो ॲक चालू असेल तर ब्रोकर संदेश सॉकेटवर टाकताच तो पोचला असे मानून पुसून टाकतो. एसटीच्या वाहकाकडे गाठोडे दिले आणि गाडी हलताच घरी येऊन वहीत "मिळाले" असे लिहिले, तसा हा प्रकार आहे. प्रोग्राम मधेच बंद पडला तर त्याच्या मेमरीत आलेले सर्व संदेश जातात. जेथे पैशाचा संबंध आहे तेथे पोच हातानेच, आणि डेटाबेसमध्ये नोंद कमिट झाल्यानंतरच द्यावी. प्रोग्राम वाचताना पोच देणारी ओळ "फायनली" या भागात तर नाही ना, हे आवर्जून पाहावे. तेथे असेल तर नोंद करताना चूक झाली तरी पोच जाते आणि चूक गिळली जाते.

उलट बाजूचा दोषही आहे. एका संदेशात गावाचे नाव इतके लांब होते की हिशेबाच्या रकान्यात मावेना. दर वेळी चूक येई, संदेश परत क्यूमध्ये जाई आणि पुन्हा येई. ४.० पासून कोरम क्यूमध्ये अशा फेऱ्यांची मूळ मर्यादा २० आहे, आणि डेड लेटर एक्स्चेंज, म्हणजे असे टाकाऊ ठरलेले संदेश स्वीकारणारा एक्स्चेंज, नेमलेला नसेल तर त्यानंतर संदेश टाकून दिला जातो. "रीक्यू फॉल्स" असे सांगून नाकारलेल्या संदेशाचेही तेच होते. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या क्यूला डेड लेटर एक्स्चेंज आणि त्यामागे एक क्यू द्यावी. तेथे आलेल्या संदेशाच्या हेडरमध्ये तो कोणत्या क्यूतून आणि कोणत्या कारणाने आला हे लिहिलेले असते, त्यामुळे कारण शोधत बसावे लागत नाही. ही क्यू रोज कोणीतरी उघडून पाहिली पाहिजे. न पाहिलेली डेड लेटर क्यू म्हणजे संदेश हरवण्याचीच दुसरी जागा.

हरवलेले नव्हे, अडकलेले

काही वेळा संदेश हरवलेला नसतोच. पोच न आलेल्या संदेशांचा आकडा फुगलेला दिसला तर घेणाऱ्या प्रोग्रामने ते उचलून धरून ठेवले आहेत असे समजावे. कनेक्शन तुटले की ते क्यूमध्ये परत येतात. कन्झ्युमरने संदेश धरून ठेवण्याची मूळ मुदत ३० मिनिटे असते आणि ती ओलांडली की ब्रोकर चॅनेल बंद करून संदेश परत घेतो. त्यामुळे लांब चालणाऱ्या कामात तोच संदेश पुन्हा पुन्हा आलेला दिसतो.

डिस्क भरणे हे दुसरे कारण. मोकळी जागा ठरावीक मर्यादेखाली, मूळ सेटिंगनुसार ५० एमबीखाली, गेली की ब्रोकर पाठवणाऱ्या सर्वांना रोखून धरतो. आमच्याकडे त्याच संगणकावर फाटकावरील कॅमेऱ्याचे चित्रण साठत होते. डिस्क भरली, काट्याचा प्रोग्राम थांबून राहिला, आणि तो हँग झाला असे समजून काटेवाल्याने तो बंद केला. हातात असलेला संदेश त्याबरोबर गेला. ब्रोकरच्या संगणकावर कॅमेऱ्याचे चित्रण ठेवू नये, आणि काट्यावरच्या माणसाला असा प्रोग्राम थांबला तर आधी फोन करायला सांगावे.

तरीही सापडत नसेल तर

रॅबिटएमक्यूमध्ये "ट्रेस ऑन" ही सोय आहे. ती सुरू केल्यावर त्या व्हीहोस्टमध्ये येणाऱ्या आणि जाणाऱ्या प्रत्येक संदेशाची प्रत एका खास एक्स्चेंजवर येते, त्यावर तात्पुरती क्यू बांधून पाहता येते. एकच खोटी पावती पाठवावी आणि ती "पब्लिश" म्हणून दिसते का, मग कोणत्या क्यूसाठी "डिलिव्हर" म्हणून दिसते, हे पाहावे. ज्या जागी ती दिसेनाशी होते ती जागा आपली. ही सोय ब्रोकरवर भार टाकते, म्हणून आवक कमी असताना वापरावी आणि काम झाल्यावर आठवणीने बंद करावी. लॉगमध्ये हार्टबीट चुकल्याच्या किंवा क्लायंटने अचानक कनेक्शन तोडल्याच्या ओळी शोधाव्यात आणि त्यांची वेळ हरवलेल्या पावत्यांच्या वेळेशी लावून पाहावी. काट्याच्या आणि ब्रोकरच्या घड्याळांत फरक असेल तर तो आधी मोजावा, नाहीतर बरोबर पुरावा चुकीच्या जागी बसतो.

पुन्हा पाठवताना

सातही पावत्या वहीत होत्या, त्यामुळे त्या पुन्हा पाठवणे शक्य होते. परंतु पुन्हा पाठवण्यापूर्वी घेणारा प्रोग्राम एकाच पावतीची दोनदा नोंद करणार नाही याची खात्री करणे आवश्यक होते, कारण एका गाडीचा चुकारा दोनदा गेला तर तो परत मागणे शेतकऱ्यालाही अपमानास्पद आणि आपल्यालाही अवघड असते. कन्फर्म, हाताने दिलेली पोच आणि पुन्हा पाठवणे ही सर्व साधने संदेश किमान एकदा पोचेल याची हमी देतात, एकदाच पोचेल याची नाही. म्हणून हिशेबाच्या तक्त्यात काटा क्रमांक, तारीख आणि पावती क्रमांक मिळून एक युनिक की ठेवावी, आणि तीच पावती पुन्हा आली तर नोंद न करता केवळ पोच द्यावी. एसएमएसच्या प्रोग्रामलाही हीच तपासणी हवी. आम्ही ६१ ते ६४ तिन्ही क्यूंकडे पाठवल्या आणि ११८, १२०, १२२ केवळ हिशेबाच्या क्यूकडे पाठवल्या, त्यासाठी मूळ एक्स्चेंज न वापरता डिफॉल्ट एक्स्चेंजवर क्यूचे नावच राउटिंग की म्हणून दिले. एक्स्चेंजवरून पाठवल्या असत्या तर त्या तिघांना दुसऱ्यांदा एसएमएस गेला असता आणि संध्याकाळी खिडकीशी आणखी तीन माणसे आली असती.

आता रोज काटा बंद झाल्यावर वहीतील शेवटचा क्रमांक आणि तिन्ही क्यूंच्या प्रोग्रामांनी केलेल्या नोंदींची संख्या एका कागदावर लिहिली जाते आणि चारही आकडे जुळल्याशिवाय चुकाऱ्याची यादी पुढे जात नाही. दसऱ्याच्या आधी, गाड्या सुरू होण्यापूर्वी, आम्ही काट्यावर वीस खोट्या पावत्या काढतो. सातव्या पावतीला ब्रोकरच्या संगणकाची वायर ओढतो, बाराव्याला नेटवर्कची तार काढतो, सोळाव्याला हिशेबाचा प्रोग्राम मधेच बंद करतो, आणि सर्व पूर्ववत जोडून वीसच्या वीस नोंदी एकेकदाच आल्या आहेत का हे मोजतो. मागच्या वेळी एकोणीस आल्या. विसावी काट्याच्या तक्त्यात पोचेची वाट पाहत होती आणि पाठवणारा लहान प्रोग्राम संगणक सुरू होताना आपोआप सुरू होण्याच्या यादीत घालायचा राहिला होता. तो घातला, आणि वीस पावत्या पुन्हा पहिल्यापासून काढल्या.